जुना मिनीसंगणक की लहान वर्कस्टेशन?

आमचे गाव अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात. गेल्या उन्हाळ्यात अण्णांनी मला विचारले, "मोठं जुनं डिझेल इंजिन स्वस्तात मिळतंय. ते घ्यावं, का विहिरीवर लहान विजेची मोटर बसवावी? तू कॉलेजात शिकतो, सांग." घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, पण मला उत्तर देता आले नाही. पुढे अर्थशास्त्रात स्थिर आणि बदलता खर्च शिकताना संगणकांचे एक उदाहरण सापडले. तेच येथे मांडतो.

१९७७ साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 'व्हॅक्स-११/७८०' हा मिनीसंगणक आणला. नाव मिनी, पण आकार मोठ्या कपाटांएवढा! अवाढव्य मेनफ्रेमपेक्षा लहान, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्याला वातानुकूलित खोली लागे. त्याचा दबदबा असा, की पुढे इतर यंत्रांचा वेग 'इतके व्हॅक्स' असा मोजू लागले.

१९८५ साली त्याच कंपनीचा 'मायक्रोव्हॅक्स-२' आला. पूर्वी अनेक सर्किट-पाट्यांवर पसरलेला प्रोसेसर आता एका चिपवर मावला. वेग जुन्याच्या सुमारे नऊ-दशांश. पेटी मात्र टेबलाशेजारी राहणारी. तिला मोठा चित्रपडदा जोडला की 'व्हॅक्सस्टेशन-२' हे एका माणसाचे वर्कस्टेशन झाले.

मग जुने यंत्र मोडीत काढावे काय? तसे नाही. अनेक टर्मिनलांवरून बरीच माणसे एकाच वेळी काम करणार असतील, मोठ्या डिस्क सांभाळायच्या असतील, तर मोठ्या यंत्राच्या रुंद वाटा उपयोगी पडत. पण एकट्या संशोधकाला आलेख काढायचे असतील तर ती खोली, ती थंड हवा, ते सुटे भाग कशासाठी? जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते, चालवण्याची रोज.

सुट्टीत मी अण्णांना विचारले, "उन्हाळ्यात आपल्या विहिरीला पाणी किती वेळ पुरतं?"

"तासभर."

"मग मोठं इंजिन घेऊन उपसणार काय?"

अण्णा हसले. म्हणाले, "बरोबर. पण वीज रात्रीची आली, तर दारं धरायला कोण जाणार, हेही हिशेबात धर." ते माझ्या हिशेबात नव्हते. मोटरच घेतली. आता सुट्टीत रात्रीची पाळी माझी असते.