कमी पैशात पक्का नेम: सॅव्हेज ११०

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला आणि टार्गेटलाही चालेल अशी एकच बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यायची असेल आणि खिसाही सांभाळायचा असेल, तर माझं मत सॅव्हेज ११० ला. मॉडेल १९५८ चं! बॅरल रिसीव्हरला एका नटाने आवळलेली असते, त्यामुळे हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा, गेज लावून झटपट जुळवता येते. खर्च वाचतो, नेम बिघडत नाही. तिच्या अ‍ॅक्युट्रिगर या चापाचा ताणही मालकाला स्वतः कमी-जास्त करता येतो. दिसायला ओबडधोबडच, आणि बोल्ट काही फिनलंडच्या टिक्कासारखा लोण्यागत सरकत नाही. पण मानवणारं काडतूस सापडलं की १०० यार्डांवर गोळ्या इंचाच्या आसपास पडतात. टार्गेटवर जास्त वेळ जाणार असेल तर .३०८ काडतुसापेक्षा ६.५ क्रीडमूरची घ्या, खांद्याला धक्का कमी. वाचलेले पैसे सरळ स्कोपवर घाला.