जिन्यातलं शेवाळ कोणाचं? (लेखांक ९)

लिफ्टबद्दल लिहीन म्हणालो होतो, ते आता पुढच्या आठवड्यात. नगरच्या सावेडीहून एका वाचकबाईंचं पत्र आलंय, आणि त्यातला पेच भारी आहे.

बाई एका अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात. नगरला मुळा धरणाचं पाणी, तेही रोज नाही. त्यामुळे पाण्याच्या दिवशी लोक मोटार लावून मोकळे होतात. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक कधीचा गेलेला. टाकी भरून वाहते, पाणी जिन्याने खाली उतरतं आणि पायऱ्यांच्या कडांना हिरवं शेवाळ धरतं. जानेवारीत दळण घेऊन वर येताना बाईंचा पाय सरकला. मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. घरमालक पुण्यात. ते म्हणतात, ‘जिना सोसायटीचा.’ चेअरमन म्हणतात, ‘तुम्ही मेंबर नाही, मालकांशी बोला. शिवाय पावसापाण्याला आम्ही काय करणार?’ दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ब्लीचिंग पावडर टाकून जिना लख्ख घासलेला!

आधी चेअरमनसाहेब. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत जिने, गच्ची आणि पाण्याच्या टाक्या यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची, असं स्पष्ट आहे. मेंबर असण्या-नसण्याचा इथे संबंधच नाही. जिन्यावरून जो येणार-जाणार हे उघड आहे, त्याच्याबद्दल काळजी घ्यायची. मग तो दूधवाला का असेना. दिल्लीतलं घंटाघर कोसळलं होतं, त्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 1966 चा निकाल आठवा. चांदणी चौकात ढिगाऱ्याखाली गेलेल्यांचा तरी नगरपालिकेशी कुठला करार होता? पावसाची सबब तर जुनीच. ‘कल्लूलाल विरुद्ध हेमचंद’ खटल्यात भिंत पडून दोन मुलं गेली होती. त्या दिवशी 2.66 इंच पाऊस झाला, ही देवाची करणी, असा मालकाचा बचाव. पावसाळ्यात एवढा पाऊस व्हायचाच, असं म्हणून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने 1958 मध्ये तो फेटाळला. इथे तर जानेवारी, आणि नगर पर्जन्यछायेत!

सोसायटी झालेलीच नसेल तर? नगरमध्ये अशा इमारती दिसतात: 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली बिल्डरने डिक्लेरेशन करून दिलं आणि पुढे कोणी काही केलं नाही. तिथे जिन्यात प्रत्येक फ्लॅटमालकाचा अविभक्त हिस्सा असतो. म्हणजे ‘जिना माझा नाही’ असं पुण्याच्या मालकांना तेव्हा म्हणताच येणार नाही.

आता माझा लाडका विषय. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 14 (पंधरा दिवसांची नोटीस द्या, स्वतः दुरुस्ती करा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत वळतं करा) वाचून बाई खूश झाल्या होत्या. पण त्यांचा करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. कायद्याच्या लेखी त्या भाडेकरू नव्हेत, परवानाधारक. कलम 14 त्यांच्या कामाचं नाही. अशा वेळी 1882 चा सुविधाधिकार कायदा उघडावा. शेजाऱ्याच्या खिडकीच्या आणि वहिवाटीच्या भांडणांपुरताच तो लोकांना ठाऊक असतो. त्याचं कलम 57 म्हणतं, जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि परवानाधारकाला नसेल, तर तो सांगणं मालकाला बंधनकारक आहे.

अडचण अशी, की शेवाळ बाईंना रोज दिसत होतं. त्यामुळे 57 इथे लंगडं पडतं आणि निष्काळजीपणाच्या सरळ दाव्यावर यावं लागतं. ‘दिसत होतं तर जपून चालायचं’ असं समोरचा वकील म्हणणारच. पण जिना एकच, दुसरी वाट नाही. बाईंचा थोडाफार दोष धरला, तरी भरपाई कमी होईल, दावा बुडणार नाही.

हुकमाचं पान पत्रात तिसऱ्या पानावर सापडलं. गणपतीतच बाईंनी शेवाळाचा फोटो मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. उत्तरादाखल आला एक अंगठा! माझ्या मते त्या अंगठ्याचं वजन सहीइतकं आहे. ‘मला कल्पनाच नव्हती’ म्हणायची सोय मालकांनी स्वतःच घालवली. बाई, तो फोन विकू नका आणि चॅट पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडून ते कोर्टात देता येतं. जिना घासण्याआधीचा एखादा फोटो शेजाऱ्यांकडे असेल तर तोही मागून घ्या.

नोटीस मालक आणि सोसायटी दोघांनाही पाठवा, स्पीड पोस्टाने, दवाखान्याच्या बिलांच्या प्रती जोडून. आणि तीत बॉलकॉकचाही उल्लेख करा. तो अजून बदललेला नाही, असं तुम्हीच ताजा कलममध्ये लिहिलंय.