पडद्यावरच्या लढाईला वाचा देणारे समालोचक

परीक्षेचे दिवस होते. रात्रीचे आठ वाजत आले होते. विहाराच्या अभ्यासिकेतले दिवे-पंखे नीट चालतात की नाही, हे पाहायला आम्ही गेलो, तर चार-पाच मुले एका मोबाईलभोवती डोकी जोडून बसलेली. पडद्यावर बंदुका, धूर आणि पळणारी माणसे. आमचे डोके तापले. बाबासाहेबांच्या अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाचा दाखला ओठांवर आलाच होता, इतक्यात त्यांतला एक जण म्हणाला, "काका, दहा मिनिटं बसा. मग काय बोलायचं ते बोला."

आम्ही बसलो. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच उमगले नाही. कोण कुणावर गोळी झाडतो, कोण कुठून येतो, कशाचा कशाला पत्ता नाही. मग हळूहळू कान आवाजाकडे गेला. दोघे जण हिंदीत बोलत होते. एक सांगत होता की, खेळाचा घेरा आता लहान होत चालला आहे, ह्या चौघांना पूल ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसरा सावकाश म्हणाला की, पुलापलीकडे दुसरा संघ दबा धरून बसला आहे आणि ह्या बिचाऱ्यांना त्याची खबर नाही. झाले! त्या क्षणापासून आमची नजर पडद्यावरून हलेना. ते चौघे गाडीत बसून पुलाकडे निघाले, तेव्हा आम्हीच मोठ्याने ओरडलो, "अरे, जाऊ नका!" पोरे हसायला लागली. आमचा उपदेश राहिला बाजूला.

घरी येताना मनात एकच प्रश्न घोळत होता. आम्हाला खिळवून ठेवले ते खेळाने, की बोलणाऱ्याने? त्याचा मागोवा घेताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कोरियातील तीन आवाज

संगणकावर किंवा मोबाईलवर खेळाडू नियमाने सामना खेळतात आणि बाकीचे लोक तो बसून पाहतात, याला ई-स्पोर्ट्स म्हणतात. हे सामने दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचविले ते दक्षिण कोरियाने. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथे गल्लोगल्ली तासावर संगणक भाड्याने देणारी दुकाने निघाली. त्यांना तिकडे 'पीसी बांग' म्हणतात. १९९८ साली ब्लिझार्ड ह्या अमेरिकन कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' हा खेळ आला आणि ह्या दुकानांतून वणव्यासारखा पसरला. १९९९ साली कार्टून दाखविणाऱ्या एका वाहिनीने त्याची स्पर्धा दाखविली. २००० साली तर अशा खेळांसाठीच 'ऑनगेमनेट' नावाची वेगळी वाहिनी सुरू झाली.

आता हा खेळ नवख्या माणसाला कसा दिसतो? मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखा! दोन खेळाडू असतात. प्रत्येकाने खनिज गोळा करायचे, इमारती उभारायच्या, सैन्य तयार करायचे आणि दुसऱ्याचा तळ मोडायचा. कसलेल्या खेळाडूचे हात मिनिटाला तीनशेहून अधिक हालचाली करतात. डोळा फिरेपर्यंत डाव बदललेला असतो. अशा खेळापुढे शाळकरी मुले, नोकरदार, गृहिणी यांना बसवायचे म्हणजे कुणीतरी तो उलगडून सांगणे भागच होते.

हे काम ऑनगेमनेटवर तिघांनी केले. जुन योंग-जुन, उम जे-ग्योंग आणि किम ते-ह्योंग. प्रेक्षक त्यांची आडनावे एकत्र जोडून 'उम-जुन-किम' असेच म्हणत. जुन यांचे काम खेळाचे धावते वर्णन करण्याचे. सामना सुरू झाल्याची त्यांची आरोळी ऐकली की प्रेक्षागृह दणाणून जाई. उम हे मूळचे चित्रकथांचे लेखक. त्यांनी खेळाडूंकडे गोष्टीतल्या पात्रांसारखे पाहिले. कुणी 'सम्राट', कुणी 'वादळ', कुणी 'स्वप्नाळू' अशा बिरुदांनी खेळाडू ओळखले जाऊ लागले. लिम यो-ह्वान आणि होंग जिन-हो यांची चुरस तर इतकी गाजली की, सोळाव्या शतकातील जपानी आक्रमणावर कोरियात जी जुनी युद्धकथा आहे, तिचेच 'इम्जिनरोक' हे नाव ह्या जोडीच्या सामन्यांना पडले. कारण दोघांच्या नावांतली अक्षरे त्यात बसत होती. तिसरे किम. खेळातल्या 'कॅरिअर' नावाच्या अवजड जहाजावर त्यांचे इतके प्रेम की लोक त्यांना 'किम-कॅरी' म्हणू लागले. ते ज्याच्या विजयाचे भाकीत करीत, तो हटकून हरतो, अशी त्यांची थट्टा होई. लोकांनी त्याला 'किमचा शाप'च म्हटले. पण त्यामुळे त्यांचा मान कमी झाला नाही. चुकणारा माणूस आपल्यासारखाच वाटतो, म्हणून तो जवळचा झाला.

२००४ साली बुसान शहरातील ग्वांगअल्ली ह्या समुद्रकिनाऱ्यावर स्टारक्राफ्टच्या संघांचा अंतिम सामना झाला. आयोजकांनी प्रेक्षकांचा आकडा एक लाख सांगितला. ज्या खेळात कुणी धावत नाही, चेंडू नाही, घाम नाही, तो पाहायला वाळूत एवढी माणसे बसली. ती खेळाडूंच्या कौशल्यामुळे तर आलीच. पण ते कौशल्य ओळखायला त्यांना शिकविले होते समालोचकांनी.

गुपित आहे तरी काय?

चांगल्या समालोचकाचे पहिले काम, कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला नाही हे सांगणे. स्टारक्राफ्टमध्ये खेळाडूला आपले शिपाई जिथे आहेत तेवढेच दिसते, बाकी नकाशा अंधारात असतो. प्रेक्षकाला मात्र दोन्ही बाजू दिसतात. खेळाडूने अंधारात पाऊल टाकावे आणि पुढे काय आहे हे आपल्याला माहीत असावे, ह्यातच सारी हुरहुर आहे. आम्ही पुलापाशी ओरडलो ते त्यामुळेच. नुसता "मारला! मारला!" असा गलका करणारा समालोचक डोळ्यांना दिसते तेच परत सांगतो. जाणता समालोचक मारण्याआधीची दोन मिनिटे सांगतो. हा संघ डावीकडून का गेला, त्याने दारूगोळा का राखून ठेवला, हे कळले की मग गोळीला अर्थ येतो. कारणावाचून कार्य नाही, हे आपल्याला धम्माने शिकविलेच आहे.

दुसरी गोष्ट, दोघांची जोडी. एक घडते ते सांगतो, दुसरा का घडते ते सांगतो. निक प्लॉट आणि डॅन स्टेमकोस्की हे दोन अमेरिकन तरुण कोरियात जाऊन राहिले. २०१० पासून सेऊलमधील स्टारक्राफ्टच्या दुसऱ्या आवृत्तीच्या सामन्यांचे त्यांनी इंग्रजीत समालोचन केले आणि कोरियन न समजणाऱ्या जगभरच्या प्रेक्षकांना तो खेळ खुला झाला. प्लॉट यांची टोपणओळख 'टेस्टलेस', स्टेमकोस्की यांची 'आर्टोसिस'. दोन्ही जोडून लोक 'टेस्टोसिस' म्हणत. खेळात काही घडत नसले की प्लॉट थट्टामस्करी करीत, भोळे प्रश्न विचारीत आणि स्टेमकोस्की डावाची उकल करीत. आपल्याला हे नवे नाही. शाहीर भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांची परंपरा आठवा. एकाने अडाण्याचा आव आणून विचारायचे, दुसऱ्याने समजावून सांगायचे. समोर बसलेल्या निरक्षर माणसाचा प्रश्न मंचावरचा सोंगाड्याच विचारीत असे. त्यामुळे विचारताना कुणाला कमीपणा वाटत नसे आणि विचार मात्र डोक्यात पक्का बसे.

तिसरी गोष्ट, आवाजाचा चढउतार. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात निवेदक आरंभापासूनच ओरडू लागला तर शेवटच्या डावाला त्याच्याजवळ उरते काय? पहिल्या हातमिळवणीला तो पैलवानाचे गाव, वस्ताद, तालीम सांगतो. हलगीचा ठेका वाढतो तसा त्याचा आवाज वाढतो. पडद्यावरच्या खेळातही तेच. आणि कधी कधी गप्प बसणे हेही समालोचनच असते.

आपल्याकडच्या 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' ह्या खेळात तर हे काम आणखी अवघड आहे. एका सामन्यात चौघांचे सोळा संघ, म्हणजे चौसष्ट खेळाडू एकाच वेळी मैदानात! कॅमेरा कुणावर ठेवायचा हे ठरविणारा माणूस वेगळा असतो. तो दाखवील ते समालोचकाने पकडायचे आणि तो दाखवीत नाही तेही ध्यानात ठेवायचे. आमच्यासारख्या हिशेबनीसाला विचाराल, तर चौसष्ट खात्यांची खतावणी तोंडाने लिहिण्यासारखे हे काम आहे.

सम्यक वाचा आणि माईक

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी भगवंतांना विनंती केली की, बुद्धवचन छंदस भाषेत घालावे. तथागतांनी ती मानली नाही. लोकांनी ते आपापल्या भाषेत शिकावे, असे सांगितले. ज्ञान कुणाच्या भाषेत सांगितले जाते यावर ते कुणाचे होते, हे ठरते. खेळ ही काही धम्माइतकी थोर गोष्ट नव्हे. पण तत्त्व तेच. जाणत्याने आपले जाणतेपण मिरवायचे, की नवख्याचा हात धरून आत न्यायचे?

धम्मात सम्यक वाचेची चार पथ्ये सांगितली आहेत. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, निरर्थक बडबड करू नये. माईकपुढे बसणाऱ्याने ही चार पाळली, तर त्याला वेगळी आचारसंहिता कशाला हवी? हरणाऱ्याची टर उडविणारा, एकाच संघाची तळी उचलणारा, रिकामी बडबड करणारा समालोचक चार दिवस गाजेल. लोक त्याच्यावर विश्वास मात्र ठेवणार नाहीत.

आता घरातली गोष्ट

"काका, बसा" म्हणणारा तो मुलगा कोण, हे आम्ही अजून सांगितले नाही. लागोपाठ दोन वर्षे जयंतीच्या कार्यक्रमात भाषणाला उभा राहून, दोन वाक्यांनंतर घाबरून खाली बसलेला तो मुलगा. आम्ही त्याला मुखदुर्बळ ठरवून मोकळे झालो होतो. त्या रात्री पुढच्या सामन्याचा आवाज बंद करून त्यानेच आम्हाला खेळ समजावून सांगितला. न अडखळता, क्रमाने, मुद्देसूद. बाबासाहेबांनी १९२० साली पत्र काढले, त्याचे नाव 'मूकनायक'. मुक्यांना वाचा देण्याच्या गोष्टी आम्ही व्यासपीठावरून सांगतो आणि आमच्या वस्तीतले पोर कशावर बोलू शकते, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. ह्याची लाज वाटली.

यंदाच्या जयंतीला कबड्डीच्या सामन्यांचा माईक आम्ही त्याच्या हाती दिला. पहिली पाच मिनिटे घसा कोरडा. मग सांगू लागला, "समोर सातच्या सात जण उभे आहेत, म्हणजे बोनसची संधी आहे. बघा, पाय रेषेपलीकडे जातो का!" ज्या आजींनी जन्मात कबड्डी पाहिली नव्हती, त्या कडेला बसून "बोनस झाला का रं?" म्हणून विचारीत होत्या. एकदा तो घसरून पडलेल्या खेळाडूला हसला. आम्ही जवळ जाऊन हळूच म्हटले, "बाळा, हे नको." त्याने माईकवरच माफी मागितली. हेही शिक्षणच.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलांच्या हातातला मोबाईल हिसकावण्यापूर्वी एकदा शेजारी बसा. "हे काय चाललंय, मला सांग," म्हणा. त्याला सांगता आले, तर त्याची भाषा कळेल. नाही आले, तर त्यालाच कळेल की आपण नुसते बघत होतो. याचा अर्थ मोकाट सोडा, असा नाही. अभ्यासिकेत मोबाईल बाहेर ठेवायचा आणि आठवड्यातून एकच सामना सगळ्यांनी मिळून पाहायचा, असे मुलांशी बोलूनच ठरविले. पैसे लावून खेळायच्या खेळांना तर थाराच नको. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्यानेही पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळे काढून मान्यता दिली. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्सला पदकेही होती. हा फरक पालकांनी जाणून घ्यावा.

आणि तरुण मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. सगळेच खेळाडू होणार नाहीत. पण गुंतागुंतीची गोष्ट साध्या माणसाला समजेल अशी सांगता येणे, ही विद्या खेळापुरती नाही. सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, संविधानातले एखादे कलम, ह्या सर्वांना आपल्या वस्तीत समालोचक हवे आहेत. सुरुवात खेळापासून झाली तरी आमची हरकत नाही.

जयभीम!