माफी एकाला, शुल्क दुसऱ्याला

घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत सामुदायिक शौचालयाचा मासिक पास हा घरखर्चातील ठरलेला विषय आहे. या पद्धतीचे मूळ १९९५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मुंबई मलनिःसारण प्रकल्पात सापडते. त्यातील झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमानुसार बांधकामाचा खर्च महापालिकेने सोसावयाचा होता. रहिवाशांनी संस्था नोंदवावी, प्रौढ माणसामागे १०० रुपये आणि कुटुंबामागे जास्तीत जास्त ५०० रुपये वर्गणी जमवावी, व पुढे वीज, पाणी, झाडलोट यांचा खर्च शुल्कातून भागवावा, अशी ही योजना होती. पैसे मोजल्याखेरीज आपलेपणा वाटत नाही, हे तिचे तत्त्व. ते सर्वस्वी खोटे नाही. जेथे हिशेब उघड राहतो, तेथे लोक कुरकुर न करता पैसे देतात. मात्र आपलेपणाचा हा धडा पक्क्या इमारतीतील रहिवाशाला कोणी दिला नाही, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नव्हे.

उलट, महापालिकेची निवडणूक तोंडावर असताना, १ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा केली. सुमारे १६ लाख कुटुंबांना तिचा लाभ व्हावयाचा होता. बोरिवली-मुलुंडमधील कारकून, शिक्षक, निवृत्त नोकरदार त्यांत आहेत. त्यांच्या सुखाचा हेवा करण्याचे कारण नाही. पण १ जुलै २०१७ पासून जकात गेली, तिच्या जागी राज्य शासनाची भरपाई आली, आणि मालमत्ता कर हाच पालिकेच्या हातातील मोठा कर उरला होता. त्यालाच कात्री लागली.

पुढे काय झाले? १ एप्रिल २०२५ रोजी पालिकेने घनकचरा उपविधींचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. त्यात ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये शुल्क सुचविले होते. ५० चौरस मीटर म्हणजे सुमारे ५३८ चौरस फूट! ज्या घराचा कर माफ झाला, त्याच घराकडे वर्षाकाठी १,२०० रुपये मागावयाचे, असा हा प्रकार. शिवाय २०१० पासूनचा मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आधारलेला आहे. हे शुल्क मात्र बोरिवलीतील घराला आणि मलबार हिलवरील तेवढ्याच घराला सारखेच. मसुद्याला विरोध झाला, तो स्वाभाविकच. मार्च २०२२ पासून सभागृहाविना प्रशासकाचा कारभार असल्याने, त्यावर जाब विचारणारा नगरसेवकही तेव्हा नव्हता.

२०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या रकमेच्या कारभारात माफी ही घोषणा ठरते आणि शुल्क हा मसुदा. दोहोंचा ताळा एका पानावर मांडला जात नाही. वस्तीतील शौचालयाचे पैसे तर संस्थेकडेच राहतात, पालिकेच्या तिजोरीत येत नाहीत. त्यामुळे गरीब किती देतो हे अर्थसंकल्पात उमटतच नाही. करसवलतींमुळे बुडालेल्या उत्पन्नाचे विवरण केंद्र सरकार २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत देत आले आहे. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीतून आलेल्या सभागृहाने तसेच विवरण आयुक्तांकडून मागावे, आणि वस्त्यांतील संस्थांनी जमविलेल्या शुल्काची प्रभागवार बेरीज त्याच पानावर छापावयास लावावी.