हिरवा चुडा आणि बाकी सगळं ब्लॅक अँड व्हाइट



मागच्या हिवाळ्यात टोरांटोत बर्फ पडायला लागला तेव्हा मी जुन्या फोटोंचा डबा काढून बसले. बाहेर जायची सोय नाही, गुडघे कुरकुर करतात, मग करायचं काय? नातवाने एकेक फोटो मशीनवर ठेवून कॉम्प्युटरमध्ये चढवला. दोन दिवसांनी टॅबलेट माझ्यापुढे धरून म्हणाला, "आजी, हे बघ."

माझ्या धाकट्या बहिणीच्या मेंदीचा फोटो होता तो. १९७८ साल, अलिबागची इस्राएल आळी. आमचा मामेभाऊ आखातात नोकरीला होता, त्याने तिथून रंगीत रोल आणला होता. आता मात्र सगळा फोटो ब्लॅक अँड व्हाइट दिसत होता. आई, मावश्या, मागची भिंत, फुलांच्या माळा, सगळं राखाडी. फक्त बहिणीच्या हातातला चुडा हिरवागार!

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं की डब्यातल्या मूळ फोटोत तो चुडा हिरवा नाहीच. फोटो विटलाय, बांगड्या तपकिरी झाल्यात. मग हा हिरवा आला कुठून? या एका प्रश्नापायी मी नातवाकडून सगळं शिकून घेतलं.

ही युक्ती आपल्यापैकी पुष्कळांनी पडद्यावर पाहिलीय. स्पीलबर्गचा 'शिंडलर्स लिस्ट', १९९३ सालचा. जवळजवळ अख्खा सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, आणि क्राकोच्या घेट्टोतून माणसांना हाकलून नेत असताना त्या गर्दीत एकट्या फिरणाऱ्या लहान मुलीचा कोट तेवढा लाल. पुढे गाडीवर प्रेतं रचलेली दिसतात आणि तो कोट पुन्हा दिसतो. चेहरा बघावाच लागत नाही, कोटावरून पोरगी ओळखू येते. राखाडीत एकच रंग ठेवला की नजर थेट तिथे जाते. म्हणूनच काय ठेवायचं ते जपून ठरवावं लागतं.

आता हे होतं कसं? कॉम्प्युटरमधला फोटो म्हणजे लाखो बारीक ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात, लाल किती, हिरवा किती, निळा किती, शून्यापासून २५५ पर्यंत. तिन्ही आकडे सारखे झाले की तो ठिपका राखाडी दिसतो. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा म्हणजे तीन आकड्यांचा मिळून एक करायचा. टीव्हीच्या काळापासूनच्या हिशोबात हिरव्याला सुमारे ५९ टक्के वजन, लालला ३० आणि निळ्याला ११, कारण आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ भासतो. गंमत बघा, भडक लाल साडीचा आकडा २५५, त्याचे ३० टक्के झाले ७६. मध्यम हिरव्या बांगडीचा १३०, त्याचे ५९ टक्के झाले ७७. म्हणजे लाल साडी आणि हिरवी बांगडी दोन्ही राखाडीत एकसारखी! चुडा साडीत हरवून जातो. अशा वेळी तेवढाच रंग परत आणला तर हात पुन्हा दिसायला लागतो.

हे दोन तऱ्हांनी करतात. एक, रंगावरून: "लाल ठेव, बाकी सगळे रंग काढ" असं सांगायचं. सोपं आहे, पण फसवं. आपल्या कातडीत लाल-नारिंगी असतोच. मी नातीच्या फोटोतलं जास्वंदीचं फूल असं ठेवायला गेले, तर फुलाबरोबर तिचे गाल, ओठ आणि शेजारी बसलेल्या काकांचं नाकही रंगीत राहिलं. दुसरी तऱ्हा जागेवरून: आधी सगळा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा आणि मग जिथे रंग हवा तिथे बोट फिरवून वरचा राखाडी थर पुसायचा. काचेवर वाफ जमली की बोटाने पुसतो ना, तसं. खाली मूळ रंग असतोच. फोनमधल्या फोटो दुरुस्तीच्या बऱ्याच अॅपमध्ये ही सोय असते, स्नॅपसीडमध्येही आहे. दोन बोटांनी फोटो मोठा करून घ्या, कडेकडेने हळू पुसा. बाहेर गेलं तर परत राखाडी करता येतं. हात थरथरत असेल तर टॅबलेट टेबलावर टेकवा. मी तसंच करते.

आणि काही करायच्या आधी फोटोची नक्कल काढा. मी पहिल्याच दिवशी एक फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला आणि 'सेव्ह' दाबून मोकळी झाले. त्या फाइलमधला रंग गेला तो गेलाच. कागदावरचा मूळ फोटो डब्यात होता म्हणून निभावलं. फोनवरच काढलेला असता तर?

आता माझ्या हिरव्याकडे येते. जुन्या रंगीत फोटोत पिवळा, किरमिजी आणि निळसर अशा तीन रंगद्रव्यांचे थर असतात. अंधाऱ्या डब्यात ठेवले तरी ते हळूहळू विटतात, आणि त्या काळच्या पुष्कळ कागदांवर निळसर थर आधी जातो. हिरवा बनतो निळसर आणि पिवळ्यातून. निळसर गेला की हिरवा संपला, सगळा फोटो तांबूस-तपकिरी. आपल्या आईबापांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो मात्र चांदीच्या कणांचे, नीट धुतलेले असले की ऐंशी-ऐंशी वर्षं टिकतात. म्हणून विटलेला रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की चेहरे एकदम स्वच्छ दिसतात. हे नक्की करून बघा.

पण रंग राखणं वेगळं आणि रंग भरणं वेगळं. माझ्या फोटोत राखायला हिरवा उरलाच नव्हता. नातवाला विचारलं तर म्हणाला, "ताईच्या मेंदीच्या फोटोतून घेतला." म्हणजे टोरांटोतल्या मेंदीचा हिरवा नेऊन अलिबागच्या हातावर चढवला!

तशी रंग भरण्याची रीत जुनीच. मॉन्ट्रियलला विल्यम नॉटमन यांच्या स्टुडिओत १८६० च्या दशकातच फोटो रंगवायला चित्रकार नेमलेले होते. १८७० मध्ये त्यांनी बर्फावरच्या स्केटिंग जत्रेचं मोठं चित्र केलं. माणसांचे स्टुडिओत वेगवेगळे फोटो काढले, कापून एकत्र चिकटवले आणि वरून रंग दिला. आपल्याकडेही स्टुडिओवाले ब्रशने गाल गुलाबी करून द्यायचेच की. 'मुगल-ए-आझम'चं शीशमहालातलं गाणं १९६० साली खरोखर रंगीत फिल्मवर घेतलेलं होतं, पण सिनेमाच्या ब्लॅक अँड व्हाइट भागाला २००४ मध्ये कॉम्प्युटरने रंग दिला. दोन्ही रंग सारखे नव्हेत. उद्या कुणी 'बूट पॉलिश'मधल्या आपल्या डेव्हिड अब्राहम चेऊलकरांच्या सदऱ्याला निळा रंग दिला, तर तो निळाच होता हे सांगणार कोण? डेव्हिड तर इथे टोरांटोतच देवाघरी गेले.

म्हणून माझं मत असं, की रंग राखलेला असेल तर खुशाल राखा. भरलेला असेल तर तसं लिहून ठेवा आणि आधी ज्याला आठवतंय त्याला विचारा. आणि प्रत्येक फोटोला हे करू नका. ओटावात युसुफ कार्श यांनी १९४१ मध्ये चर्चिलच्या तोंडातली सिगार काढून घेऊन तो रागीट फोटो काढला. त्यात एखादा टाय लाल करून काय मिळणार?

मग मी अश्दोदला बहिणीला फोन लावला, फोटो पाठवला. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ताई, हा पोपटी आहे गं. माझा चुडा गडद होता, बाटलीच्या काचेसारखा. आणि उजव्या हातातली एक बांगडी सकाळीच पिचली होती, आईने घाईघाईत स्वतःच्या हातातली काढून घातली. ती एकच फिकी."

मला हे ठाऊकच नव्हतं. भिंग घेऊन मूळ फोटो पाहिला. तपकिरी बांगड्यांमध्ये मनगटाकडून तिसरी खरंच जरा उजळ आहे. मी समजत होते की उजेड पडलाय.

नातवाने चुडा पुन्हा रंगवला, गडद, आणि तिसरी बांगडी फिकी ठेवली. फाइलच्या नावात त्याने लिहिलंय, "मेंदी १९७८, हिरवा नंतर भरला, मावशीआजीने सांगितल्याप्रमाणे." बहिणीला छापून पाठवला. तिने तपकिरी फोटोचीही एक प्रत मागितलीय, ती पुढच्या आठवड्यात टपालात टाकायची आहे.