कपाटातला स्प्रिंगस्टीन

ब्रूस स्प्रिंगस्टीनची प्रसिद्ध गाणी ऐकून झाली असतील, तर पुढची वाट अशी :

● नेब्रास्का (१९८२) : न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेले डेमो. बँडसोबतच्या ध्वनिमुद्रणात त्यांचा मूळ सूर हरवला, म्हणून कॅसेटवरचीच गाणी अल्बम म्हणून आली.

● ट्रॅक्स (१९९८) : चार सीडी, ६६ गाणी, बहुतेक अल्बमांतून वगळलेली. ‘बॉर्न इन द यूएसए’चा एकट्या गिटारवरचा उदास डेमो यातच आहे. गाजलेल्या जल्लोषी रूपापेक्षा शब्दांतली व्यथा इथे स्पष्ट कळते.

● द प्रॉमिस (२०१०) : ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’च्या (१९७८) काळातली मागे राहिलेली गाणी. ‘बिकॉज द नाइट’ त्याच काळातलं. पॅटी स्मिथने शब्द पूर्ण करून ते गाजवलं. ‘फायर’ पॉइंटर सिस्टर्सनी लोकप्रिय केलं. दोन्ही इथे स्प्रिंगस्टीनच्या आवाजात आहेत.

● ट्रॅक्स २ (२०२५) : १९८३ ते २०१८ दरम्यानचे सात अल्बम, एकूण ८३ गाणी.

सुरुवात ‘नेब्रास्का’पासून करा, ‘ट्रॅक्स २’ सर्वांत शेवटी ऐका.