निर्धन रुग्ण निधी : हिशेब कोणाला व किती दाखवावा?

रुग्णालयाचा ताळेबंद व उत्पन्न-खर्चपत्रक दरवर्षी या अहवालात प्रसिद्ध होते आणि विहित अनुसूचींमध्ये धर्मादाय कार्यालयासही सादर केले जाते. तरीही वर्षभर एक प्रश्न निरनिराळ्या व्यक्तींकडून येतच राहतो : मोफत खाटांचे नक्की काय चालते? प्रश्न एकच असला तरी विचारणाऱ्यास अपेक्षित असलेले उत्तर प्रत्येक वेळी वेगळे असते, आणि अडचण नेमकी तेथे आहे.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. एक कोटी रुपयांच्या देयकांमागे निधीत दोन लाख रुपये येतात, असा हा साधा हिशेब आहे.

या दोन लाखांतून खाटेचे भाडे दिले जाते असा अनेक देणगीदारांचा समज असतो. वस्तुतः निर्धन रुग्णाची खाट, परिचर्या, निवासी डॉक्टरांची सेवा व नेहमीच्या तपासण्या यांचे देयकच आकारले जात नाही. निधीवर भार पडतो तो औषधे, साहित्य आणि शरीरात बसविण्याची उपकरणे यांचा, आणि तोही खरेदी किमतीने. अतिदक्षता विभागात महिनाभर राहिलेल्या एकाच रुग्णाची औषधे निधीचा मोठा हिस्सा संपवू शकतात. राखीव खाटेवरील रुग्णाकडून डॉक्टर आपले शुल्क घेत नाहीत. हा त्याग मात्र कोणत्याच पत्रकात दिसत नाही. त्यांची ही तक्रार आम्हांस रास्त वाटते.

विश्वस्तांची चिंता निराळी आहे. निधी शिल्लक राहिला तर रुग्णांना नाकारले असा अर्थ काढला जातो आणि तुटीत गेला तर व्यवस्थापन ढिसाळ ठरते. शिल्लक रक्कम फलकावर लिहावी, असे सुचविले गेले तेव्हा बैठकीत याच कारणाने दोन तट पडले. रात्री अकरा वाजता दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांना मात्र ताळेबंदाशी कर्तव्य नसते. आज खाट रिकामी आहे काय आणि कोणती कागदपत्रे लागतील, एवढेच त्यांना कळावयास हवे असते.

पनवेलच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. द्रुतगती महामार्गावरील अपघातग्रस्त येतो तो कोणत्याही कागदाविना. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांतून येणाऱ्या कातकरी कुटुंबांकडे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला क्वचितच तयार असतो. तातडीच्या रुग्णास आधी दाखल करून घेऊन उपचार करावेत व निर्धन वा दुर्बल घटकातील रुग्णाकडून अनामत मागू नये, असे योजना सांगते. २०२५ साली पुण्यातील एका घटनेनंतर अनामतीचा विषय राज्यभर गाजला. त्या काळात आमच्या प्रवेश खिडकीवरही नातेवाईक पावती हातात घेतल्यावर दोनदा वाचून पाहत. त्यांना दोष कसा द्यावा?

काही देणगीदार लाभार्थींची यादी मागतात. त्यांचा हेतू शुद्ध आहे, यात शंका नाही. परंतु यादीत नाव, गाव आणि आजार आला की शेजारच्या वाडीतील माणूस ओळखला जातो. क्षयरोग्याच्या मुलीचे लग्न त्यामुळे अडू शकते. रुग्णाची गोपनीयता राखणे हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांचे कर्तव्यही आहे. म्हणून आम्ही नावे व छायाचित्रे छापत नाही. रुग्णास वा त्याच्या अधिकृत नातेवाइकास मात्र त्याचे स्वतःचे कागद मागणीनंतर ७२ तासांच्या आत मिळालेच पाहिजेत.

सध्या प्रवेश खिडकीजवळ राखीव व रिकाम्या खाटांची संख्या रोज लिहिली जाते. शेजारीच दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद लावलेली आहे. निधीची जमा, खर्च व शिल्लक या अहवालात स्वतंत्रपणे दिली असून, नाकारलेल्या अर्जांची संख्या कारणांसह छापावी अशी सूचना विश्वस्त मंडळापुढे आहे. त्यावर अद्याप एकमत झालेले नाही.